राहिलेला दुजोरा

यमुताई, तू मंगळवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी वसईतल्या रुग्णालयात वारलीस. कारण हृदयविकार. तुझे यजमान नारायणभाऊ त्या वेळी चहा आणायला खाली उतरले होते. तुझी नणंद वेणू खाटेशी होती. वेळ वेणूने सांगितली, नारायणभाऊंनी दुजोरा दिला.

तुझं वय, गाव, मागे कोण कोण, हे निधनवार्तेत येऊन गेलं आहे. ती मीच लिहिली. आठ ओळींची झाली. इथे ते पुन्हा लिहीत नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि आता त्यात एकच बाजू उरली आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो.

मला अजून काही वाटत नाहीये. तेरा दिवस झाले. पेपरात कामावर जातो, बातम्या लिहितो, मनवेलपाड्याला घरी येतो. बायकोने दोनदा विचारलं, तुम्ही रडलात का. नाही रडलो. नोंद म्हणून लिहितो.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते सातिवलीच्या नाक्यावर, नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी. तिथल्या कारखान्यांच्या एका गाळ्याला लागलेल्या आगीची बातमी घेऊन मी परत निघालो होतो. गाडी दिसायच्या आधी वास आला. तव्यावरची मांदेली, तांदळाच्या पिठात घोळवलेली. जळक्या प्लास्टिकचा वास नाकात बसलेला असताना त्याच्यावरून हा दुसरा वास आला आणि मी स्कूटर वळवली. भूक लागली होती की नव्हती, आठवत नाही.

जुनी मेटाडोर होती. नारायणभाऊ पूर्वी तिच्यातून बंदरावरचे मासे बाजारात न्यायचे. तो धंदा बसल्यावर त्यांनी गाडीच्या एका बाजूचा पत्रा कापून त्याला बिजागऱ्या लावल्या. पत्रा वर उचलून बांबूचा टेकू दिला की सावली व्हायची. खाली ताटं ठेवायला लांब फळी. आत तू तव्यापाशी आणि वेणू भाकऱ्या थापायला. वेणूच्या हातांचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू यायचा. साडेबाराचा भोंगा झाला आणि चारी बाजूंच्या गाळ्यांमधून माणसं निघाली. पाच मिनिटांत फळीपुढे चाळीस-पन्नास जण.

आणि तू कोणालाच वाढलं नाहीस. एक ताट घेतलंस, भाकरी, दोन मांदेली, बोंबलाचं कालवण, आणि सगळ्यांसमोर उभी राहून जेवायला लागलीस. घाई न करता. रांग थांबून होती. मला वाटलं, बाईला भूक लागली असेल. शेजारच्या माणसाला विचारलं.

"नियम आहे तिचा," तो म्हणाला. "आधी ती खाते. मग आपण."

हा माणूस म्हणजे शेलार, प्लास्टिकच्या गाळ्यातला फोरमन. त्याच्या हातात घरचा डबा होता. तो डबा त्याने तुझ्या फळीवर उघडला, तुझ्याकडून फक्त कालवण घेतलं आणि बायकोच्या पोळ्या त्यात बुडवून खाल्ल्या. तू त्याला म्हणालीस, "शेलारभाऊ, एक दिवस तुझी बायको येनार इथं लाटनं घेऊन." तो म्हणाला, "तिलाच घेऊन येतो, ती पण दोन भाकऱ्या जास्त खाईल."

पहिल्या ताटाबद्दल मी तुला नंतर विचारलं. तू तवा खरवडत होतीस.

"बिघडलेलं असलं तर आधी मला कळंल, नाय का?"

"घरी पण असंच करतेस?"

"घरी कशाला? घरी सगळी ओळखतात मला. इथं कोन ओळखतो?"

मी तुझ्यावर लेख लिहिला. वसई-विरारच्या पुरवणीत तीन कॉलम मिळाले. त्यासाठी चार दुपारी मी फळीपाशी उभा राहिलो. मला एक गोष्ट कळत नव्हती. या माणसांपैकी निम्म्यांकडे डबे होते. तरी ती बाहेर येत होती, उन्हात उभी राहत होती, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून खात होती. एका गाळ्याचा मालक आणि त्याच गाळ्यातला हमाल एकाच फळीवर जेवताना मी पाहिले. आत गेल्यावर ते एकमेकांशी तसे बोलत नसणार. मीठ पुढे सरकवताना मात्र बोलत होते.

मी तुला विचारलं, लोकांना रस्त्यावर का खावंसं वाटतं. तू आधी हसलीस. "तू का आलास त्या दिवशी?" मी म्हटलं, वासामुळे.

"मग झालं. डब्यातलं जेवन सकाळीच ठरलेलं असतं. माझ्याकडं मानूस वास घेत येतो आनि वाटेत ठरवतो, आज मांदेली की सुकट. त्या मानसाचं दिवसभरातलं तेवढंच एक तो स्वतः ठरवतो. बाकी सगळं भोंगा ठरवतो."

हे वाक्य मी लेखात घातलं. तुझ्या बोलीतलं प्रमाण भाषेत केलं, बाकी काही बदललं नाही.

आमच्या छायाचित्रकाराने फोटो काढला तो चांगला आला होता. उचललेला पत्रा, तव्यावरची वाफ, तुझे दोन्ही हात. तू अंक गाडीत चिकटवला नाहीस. तेल लागेल म्हणालीस. नारायणभाऊ गिऱ्हाइकांना सांगायचे, "पेपरात आल्यापासून मीठ कमी घालते. मोठी झाली ना." तू त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाहीस.

तेव्हाही आपलं वाजायचं, पण ते भांडण नव्हतं. मी म्हणायचो, टोप झाकून ठेव, रस्त्याची धूळ आहे. तू कालवणाचा टोप झाकायचीस, भाकऱ्या फडक्यात ठेवायचीस, पिण्याचं पाणी घरून आणायचीस. पण तवा झाकायला तयार नव्हतीस. "झाकलेल्या टोपाजवळ कोन येतो? लोकांना हात दिसायला पायजेत, तेल दिसायला पायजे. बंद दारामागं काय चाललंय ते कोनाला ठाऊक?" मी म्हटलं, हॉटेलांना परवाना असतो. तू म्हणालीस, "मी पहिलं ताट खाते. त्यांच्यातला कोन खातो, सांग."

दीड वर्षाने ती बातमी आली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका नर्सिंग होममधून फोन आला. सातिवलीतल्या शेलारच्याच गाळ्याचे नऊ कामगार दाखल होते, उलट्या आणि जुलाब, कोणी गंभीर नाही. मी डॉक्टरांना विचारलं, कशाने. ते म्हणाले, "बाहेर काहीतरी खाल्लं असेल." मी लिहिलं, रस्त्यावरील खाद्यपदार्थ खाल्ल्याने. डॉक्टरांनी शक्यता सांगितली होती, मी कारण लिहिलं. दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. बातमी टाकून मी घरी गेलो.

रात्री डेस्कवर उपसंपादक पान लावत असताना फोटोची जागा उरली. आमच्याकडे जुने फोटो विषयवार पाकिटांत ठेवलेले असतात. रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या पाकिटात एकच फोटो होता. तुझा. तो माझ्या लेखामुळे तिथे गेला होता. त्यांनी तो बातमीच्या डोक्यावर लावला आणि खाली बारीक अक्षरांत छापलं, संग्रहित छायाचित्र. म्हणजे जुना, या घटनेचा नाही. आम्ही पेपरवाले समजतो की हे दोन शब्द छापले की आपण मोकळे झालो. मथळा होता, उघड्यावरील अन्नातून विषबाधा. त्याच्या खाली तुझे दोन्ही हात.

सकाळी घरी चहा घेताना मी ते पाहिलं. बाराच्या आधी सातिवलीला पोचलो.

भोंगा झाला. माणसं गाळ्यांमधून बाहेर आली आणि गेटांपाशीच थांबली. पंधरा-वीस जण नाक्यापर्यंत आले, पण फळीपाशी नाही. पलीकडच्या फुटपाथवर उभे राहिले. तू नेहमीसारखं ताट घेतलंस, सगळ्यांना दिसेल असं, आणि जेवलीस. पूर्ण जेवलीस. कोणी पुढे आलं नाही. मग तू दुसरं ताट भरलंस आणि फळीवरून माझ्यापुढे धरलंस.

"घे."

सगळे बघत होते. मी पेपरवाला आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी तिथे उभ्याने जेवलो असतो तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. घडलं ते एवढंच. मी म्हटलं, "मी जेवून आलोय."

तू ताट मागे घेतलंस. "बरं," म्हणालीस.

मी जेवून आलो नव्हतो. सकाळच्या चहावर होतो. तो फोटो त्या घटनेचा नाही हे त्या नाक्यावर सगळ्यांत जास्त मला माहीत होतं. तरी ताटाकडे बघताना मला आदल्या संध्याकाळी मीच लिहिलेली ओळ आठवली आणि मी हात पुढे केला नाही. एवढं सांगून थांबतो. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, तू कधी काढली नाहीस.

गाडी तिथे आणखी आठ दिवस उभी राहिली. रोज तू पहिलं ताट खाल्लंस. नवव्या दिवशी नारायणभाऊंनी ती चंदनसारला नेली. तिथे नव्या इमारतींची कामं चालू होती, गवंडी आणि सुतार जेवायला यायचे. ते पेपर वाचणारे नव्हते. ते तुझं वाक्य, माझं नाही.

मी खुलासा छापून आणायचं कबूल केलं होतं. वृत्तसंपादकांकडे गेलो. ते म्हणाले, "खुलासा कशाचा? फोटो संग्रहित आहे, तसं छापलंय."

"लोकांना ते कळलं नाही."

"ठीक आहे. मग लिही, या गाडीचा घटनेशी संबंध नाही. नाही ना? दुजोरा आहे तुझ्याकडे?"

नव्हता. मी तुझ्याकडे आलो. तू लगेच सांगितलंस, त्या दिवशी शेलारच्या गाळ्यातला एकपन मानूस आला नव्हता. मी म्हटलं, हे तुझं म्हणणं झालं. तू यातली एक बाजू आहेस. दुसऱ्याने सांगायला हवं.

"मी सांगते ते पुरत नाय?"

"नाही पुरत. धंद्याचा नियम आहे."

तू विळीवर कांदा चिरत होतीस. थांबलीस. "आनि फोटो छापताना कोनाचा दुजोरा घेतला?"

मी म्हटलं, तो डेस्कने लावला. 

"मग जा आनि शेलारला विचार. तो खोटं बोलनार नाय."

"जातो," मी म्हटलं.

पुढची सात वर्षं हे चाललं. शनिवारी सुट्टीच्या दिवशी मी चंदनसारला यायचो, फळीपाशी उभा राहून जेवायचो. कधी चुकवलं नाही. तू मला नाव ठेवलं होतंस. गाडीपाशी पोचलो की वेणूला मोठ्याने सांगायचीस, "आला गं आपला संग्रहित. भाकरी टाक." गवंड्यांना वाटायचं ते माझं आडनाव आहे. एकाने मला मनापासून विचारलं होतं, तुम्ही मूळचे कुठले संग्रहित. तू तव्यावर वाकून हसलीस ते मी पाहिलं.

मग ताट हातात देताना विचारायचीस, "गेलास का?"

"नाही."

"बरं. जवळ्याची चटनी घे."

तू कधी आवाज चढवला नाहीस. मी कारणं द्यायचो. निवडणुका आहेत. पाणीटंचाई आहे. शेलार अजून तिथे आहे की नाही कोण जाणे. एकदा मी चिडून म्हटलं, आता इतक्या वर्षांनी कोणाच्या लक्षात आहे ते? तुझी गाडी चालते आहे ना? तू मला जे उत्तर दिलंस ते वेणूलाही आठवतं, म्हणून लिहितो. "चालते रं. पन त्या नाक्यावर माझं नाव खराब हाय. तिथल्या लोकांना वाटतं, बाई समोर उभी राहून खोटं जेवायची."

त्या दिवशी मी जेवून निघालो आणि रस्त्याला लागल्यावर ठरवलं की सोमवारी नक्की जायचं. सोमवारी गेलो नाही.

का गेलो नाही, याचं उत्तर मी शोधलं आहे. शेलारने सांगितलं असतं की ते तुझ्याकडे जेवले होते, तर मला तुझ्याकडे यायला तोंड राहिलं नसतं. त्याने सांगितलं असतं की जेवले नव्हते, तर मी नाकारलेलं ते ताट माझ्या नावावर कायमचं लागलं असतं. न विचारल्याने दोन्ही टळलं. हा खुलासा म्हणून लिहितो, समर्थन म्हणून नाही.

रुग्णालयात मी तुला दोनदा भेटलो. पहिल्यांदा तू झोपेत होतीस. दुसरा दिवस रविवारचा, दुपारी चार. तुला बसवलं होतं. समोर रुग्णालयाचं जेवण तसंच होतं. तू म्हणालीस, "वास नाय रं ह्याला. वास नसला तर मानसानं ठरवायचं कसं, खायचं का नाय?" वेणूने घरून पेज आणली होती. ती तू दोन घोट घेतलीस.

मी वाट पाहत होतो की तू विचारशील, गेलास का. सात वर्षांत पहिल्यांदा तू ते विचारलं नाहीस. चंदनसारच्या कामाबद्दल बोललीस, इमारती पुऱ्या झाल्यात, गवंडी पुढे सरकले, आता गाडी कुठे लावायची म्हणालीस. नारायणभाऊ म्हणाले, तू आधी घरी चल. मी उठलो.

"जेवून आलायस?" तू विचारलंस.

"हो."

"या वेळंला खरं का?"

नारायणभाऊंना यातलं काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघून हसले. मी म्हटलं, खरं. ते खरं होतं. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. आपलं शेवटचं बोलणं हे. मंगळवारी सकाळी वेणूचा फोन आला.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. शब्द मोजून चार होते, मी जेवून आलो नव्हतो. ते मी वर लिहिले आहेत.

तू गेल्यावर अकराव्या दिवशी, शुक्रवारी, मी सातिवलीला गेलो. नाक्यावर जिथे गाडी उभी राहायची तिथे आता दोन हातगाड्या आहेत, एक वडापावची, एक चायनीजची. भोंगा तोच आहे. साडेबाराला माणसं आली, वास घेत घेत, आणि काही डबे हातात असलेली. फळी नव्हती, म्हणून डबे कोणी उघडले नाहीत.

नाक्यापासून त्या गाळ्याचं गेट चालत तीन मिनिटांवर आहे. मी घड्याळ लावून पाहिलं.

शेलार तिथेच आहे. केस पांढरे झालेत, अजून फोरमन आहे. त्याला तू गेल्याचं माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्याने मशीन बंद केलं. मग म्हणाला, "कालवण तसं पुन्हा कुठे मिळालं नाही." मी त्याला त्या दिवसाबद्दल विचारलं. त्याला आठवायला वेळ लागला नाही. त्या दिवशी गाळ्यात नवीन मशीन आलं होतं. मशीनची पूजा होती, मालकाने सगळ्यांना आतच जेवण ठेवलं होतं, गेट दिवसभर बंद होतं. आजारी पडलेल्या नऊ जणांत तोही होता.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही पेपरवाले. मला वाटलं, तुम्ही विचारायला याल," शेलार म्हणाला. "मालकाने सांगितलं होतं, त्या गाडीकडे फिरकायचं नाही. आठ-दहा दिवसांनी गाडीच गेली."

मी त्याच्याकडून त्या नऊ जणांपैकी आणखी एकाचा पत्ता घेतला. तो आता काम सोडून घरी असतो. शेलारने त्याला फोन केलेला नव्हता, हे मी आधी विचारून घेतलं. त्या माणसाच्या घरी गेलो, तर त्यानेही पूजेचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, गेटाचं सांगितलं. दोघांचं जुळलं.

नऊ जणांना नेमकं कशाने बाधलं, हे दोघांनाही सांगता आलं नाही. डॉक्टरांनी नर्सिंग होम बंद केलं आहे. त्यांचा पत्ता मिळाला नाही.

त्या दिवशी त्या गाळ्यातला एकही माणूस तुझ्या गाडीवर जेवला नव्हता.